म्हशीने खाल्लेल्या भाकरी

दीपनगर,
१४ फेब्रुवारी १९८९

ती. सौ. मंदावहिनींना कुंदाचा नमस्कार.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत. गेल्या चार महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदाच खरं लिहिते आहे. असोद्याला दादा, आई, तुम्ही आणि छबी मजेत असाल. केळीला यंदा थंडी बाधली नाही ना?

मला दिवस आहेत आणि उलट्या होतात, एवढं आईने सांगितलंच असेल. बाकीचं तिने सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

भाऊबीजेला मी आले नाही. ताप आहे असं दादाला कळवलं होतं, पण ताप नव्हता. त्या दिवशी मी मोरीत बसून होते. अकरा उलट्या झाल्यावर मोजायचं सोडलं. पाणी प्यायलं की पाणी पडायचं, पोटात काही नसलं की हिरवं, कडू. फोडणीचं सोडाच, धुतलेल्या चादरीचा वासही सोसेना. यांच्या अंगाला प्लँटमधल्या कोळशाचा वास येतो, असं मी एकदा म्हणाले. तेव्हापासून हे ड्यूटीवरून आले की बाहेरच्या नळावर आंघोळ करायचे, तीही थंडीत. मग मला साबणाचा वास यायला लागला. शेवटी हे बिनसाबणाची आंघोळ करून दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "आता येऊ का आत?" मला हसू यायचं, आणि हसलं की पुन्हा उलटी.

घरात चूल पेटेना, म्हणून शेजारच्या बेबाबाई आमच्या यांना रोज जेवायला बोलवायच्या. त्या धुळ्याकडच्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "घाबरू नको माय, बठ्ठं चांगलं व्हई जाई." सगळं चांगलं होईल, हे मला खरं वाटायचं नाही. त्रेचाळीस किलोची मी सदतीसवर आले होते. एक दिवस उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली ती दवाखान्यातच शुद्ध आली.

भुसावळला सहा दिवस सलाइन लावून होते. आई उशाशी होती. ती लेडी डॉक्टरांना म्हणाली, "आमच्या वेळी असं काही नव्हतं बाई. मनावर घेतलं की होतं हे." डॉक्टरीणबाई माझी शीर शोधत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "आजी, हे मनाचं नाही. हा आजार आहे. अजून चार दिवस घरी ठेवली असती तर हिच्या जिवावर बेतलं असतं." आईने पदराने माझं तोंड पुसलं.

असो. आता चांगलं सांगते.

पोटात पहिल्यांदा काय राहिलं असेल, तर बेबाबाईंच्या फ्रिजमधला बर्फाचा खडा. मग मीठ-साखरेचं लिंबूपाणी, दर दहा मिनिटांनी एक चमचा. हे घड्याळ घेऊन समोर बसायचे. मग ज्वारीच्या चार लाह्या. असं करत करत संक्रांतीच्या दिवशी मी अर्धी गार भाकरी दह्याशी खाल्ली. हे नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसले. एक तास झाला, तरी भाकरी जागची हलली नाही. हे उठले आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगून आले. दुसऱ्या दिवशी यांच्या साहेबांनी प्लँटमध्ये विचारलं म्हणे, "काय, आज किती?" आता एक पूर्ण खाते. वजन एकेचाळीस झालंय. आणि गेल्या सोमवारी, मी कपडे वाळत घालत असताना, पोटात कुणीतरी आतून टिचकी मारली. मी ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिले.

पत्र इथे संपवता आलं असतं. तीनदा संपवलं आणि तीनदा फाडलं.

वहिनी, डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा मला तुम्ही दिसलात. छबीच्या वेळचं. मागच्या अंगणात लिंबाला धरून वाकलेल्या. बायकांच्या घोळक्यात मी म्हणाले होते की वहिनीला कामाच्या वेळेलाच बरोबर उलटी येते. ते तुम्ही ऐकलंत, हे मला माहीत आहे. पण एक तुम्हाला माहीत नाही.

दादा तुम्हाला जळगावला डॉक्टरकडे नेणार होता. मोटारसायकलही काढून ठेवली होती. त्याने मला विचारलं, "हिने आज काही खाल्लं का?" मी म्हणाले, "दोन भाकरी खाल्ल्या की." तुम्ही त्या भाकरी म्हशीपुढे टाकल्या, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजची अजिंठ्याची सहल होती. तुम्ही दवाखान्यात गेलात की घरचा स्वयंपाक माझ्याकडे आला असता. दादाने मोटारसायकल परत आत ठेवली. मी लेणी बघून आले, आणि तुम्ही हौदापाशी पडला होतात.

तुम्ही वाचलात, छबी वाचली. माझ्या खोटेपणाने काही बिघडलं नाही, म्हणून मी चार वर्षं तो विसरले होते. आता माझ्या पोटात पाणीही राहत नव्हतं तेव्हा तो आठवला. मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही. पण तुम्हाला खरं कळायला हवं.

तुमची
कुंदा

•

असोदा,
२१ फेब्रुवारी १९८९

चि. कुंदा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते गोठ्यात बसून वाचलं, कारण घरात आई होत्या.

दोन भाकरींचं मला तेव्हाच माहीत होतं. तुझे दादा मला म्हणाले, "कुंदा सांगते तू जेवलीस, मग कशाला जायचं?" मी जेवले नाही असं सांगू शकले असते. पण मग भाकरी कुठे गेल्या ते सांगावं लागलं असतं, आणि घरातलं अन्न म्हशीला घातलं म्हणून आई काय बोलतील याची मला उलटीपेक्षा जास्त भीती होती. तू एक खोटं बोललीस, मी ते खरं होऊ दिलं. तू एकोणीस वर्षांची होतीस, मी बावीसची. दोघींना अक्कल नव्हती.

राग होता, खोटं लिहीत नाही. दोन वर्षं चांगला होता. तुझ्या लग्नात तुझी वेणी मी इतकी घट्ट घातली, ती उगाच नाही. पुढे कमी होत गेला. थोडा उरला होता तो शनिवारी गोठ्यात रडून संपला. तुझ्या दादांनाही मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मीच तुझ्याकडे नीट बघायला हवं होतं." लग्नाला सहा वर्षं झाली, असं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते तुझ्यामुळे.

आईंमध्येही फरक पडलाय. काल गल्लीतल्या चुडामणची सून उलट्यांनी बेजार आहे असं कळलं, तर आई स्वतः गेल्या आणि तिच्या सासूला म्हणाल्या, "दवाखान्यात ने. हा आजार आहे, डॉक्टरीण सांगते." मी त्यांच्या मागे दारातच उभी होते. हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

आम्ही रविवारी सकाळच्या गाडीने येतो आहोत, मी आणि छबी. आठ दिवस राहीन. स्वयंपाक गॅलरीत करीन, तेलाचा डबा उघडणार नाही. तुला काय चालतं ते तिथे आल्यावर विचारीन, कारण आज चालतं ते उद्या चालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तोवर दर दोन तासांनी थोडं खा. राहिलं तर बाळाचं, पडलं तर मोरीचं. पुन्हा खा.

छबी विचारते, बाळ पोटात असतं तर त्याच्या अंगावर उलटी पडत नाही का. उत्तर तू दे, मला हसू आवरत नाही.

तुझी वहिनी,
आणि जूनपासून मामी म्हणवून घ्यायला उतावीळ झालेली,
मंदा