कुंकू लागलेला टर्बो

दसरा, १९८६. मरोळ, संध्याकाळ.

वाट लागली आज! माझ्या जुन्या फियाटच्या इंजिनाला जोर यावा म्हणून भंगारातून ट्रकचा टर्बो आणला होता, स्वस्तात मिळाला म्हणून. बसला नाही तर परत, अशी बोली होती. गॅरेजवाला दिलीप तो बघून हसतच सुटला. "यार, हा इंजिनाच्या धुरावर फिरतो. तुझ्या गाडीत एवढा दम कुठला? छोटा घे." छोटा परवडत नाही, पण पटलं. उद्या परत करणार होतो.

टर्बो घरी ठेवून जरा बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर आईने पाने-पकडींसोबत टर्बोचीही पूजा केलेली! वर झेंडू, मधोमध कुंकू. याचं कपाळ तिने कुठे शोधलं कोण जाणे.

"आई, हा परत द्यायचाय गं."

"पूजलेला कोण परत करता रे, मेल्या?"

पुसायला फडकं घेतलं, पण हात धजेना. कुंकू लावलेली वस्तू भंगारात कशी द्यायची? चिडून म्हणालो, "अगं, आपल्या गाडीत हा फिरणारच नाही!"

तिने वाकून आत फुंकर मारली. आतलं चाक गरगर फिरलं.

"फिरता मा!"

कुंकू तसंच ठेवलंय. टर्बो ठरला. आता गाडीच बदलायला हवी.