आमच्या गल्लीचा उतार

४ मार्च
फाटकाबाहेर झाडाखाली बाक बसवून घेतला. आमची गल्ली फार शांत. माणसं येतात, जातात, थांबत नाहीत. आता थांबतील, बसतील, आणि मी त्यांना गल्लीचा भूगोल सांगेन. उभा जन्म नकाशा ऑफिसात गेला, ही माहिती दुसऱ्या कुणाकडे असणार? बायको म्हणाली, लोकांना नुसतं बसू द्या. संकल्प : एका माणसाशी दहा मिनिटांच्या वर बोलायचं नाही.

६ मार्च, रविवार
कोपऱ्यावरचे डेंटिस्ट बसले. गल्ली वळणाकडे उतरते म्हणून पाणी त्यांच्या फाटकाशी तुंबतं, हे त्यांना मुळापासून समजावलं. अर्ध्यात त्यांना पेशंट आठवला. रविवारीसुद्धा! कामसू माणूस. संकल्प मोडला, पण विषयच मोठा होता.

११ मार्च
समोरच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका बाई हल्ली भाजीला मागच्या गल्लीने वळसा घालून जातात. या वयात व्यायामाची ही हौस! बाकावरून ओरडून कौतुक केलं. त्यांनी वेग वाढवला.

१८ मार्च
संध्याकाळी मी बाकावर बसलो की समोर चिटपाखरू नसतं. शांतता हाच या गल्लीचा स्वभाव.
तक्रार : दुपारी मी आडवा झालो की बायको माझा पिवळा टॉवेल गॅलरीच्या कठड्यावर टाकते. कोरडा ठणठणीत टॉवेल! विचारलं तर म्हणे ऊन दाखवते. शिवाय सिंकमध्ये चहाचे चार कप. म्हणे तलफ आली होती. आणि मी उठून खाली येतो तेव्हा बाक गरम असतो. सावलीत बाक तापतो कसा? अभ्यास करायला हवा.

२४ मार्च
दुपारी झोप लागेना. बायको बाजारात. आंघोळ केली, टॉवेल स्वतःच कठड्यावर वाळत टाकला आणि हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो. थोड्या वेळाने बाहेर हशा! डेंटिस्ट, मुख्याध्यापिका बाई, शेजारचा टेलर. बाक भरलेला! शेवटी पटलं लोकांना. नकाशा घेऊन धावतच बाहेर गेलो. डेंटिस्ट दचकून म्हणाले की टॉवेल तर वर आहे. बाईंनी त्यांना चिमटा काढला. बघता बघता बाक रिकामा. तेवढ्यात बायको पिशवी घेऊन आली, वर कठड्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

२५ मार्च
सगळं कबूल केलं तिने. टॉवेल कठड्यावर म्हणजे मी झोपलोय, बिनधास्त या. पहिल्या आठवड्यापासून हे चालू! माझा बाक, माझा टॉवेल, माझीच बायको. केसाने गळा कापला. मी आवाज चढवला. ती मात्र हळूच म्हणाली की तिलाही कुणाशी तरी बोलायचं असतं. कमाल आहे! मी दिवसभर बोलतो की तिच्याशी. संकल्प : उद्याच सुतार बोलावून बाक उखडायचा. टॉवेल कपाटात, चावी माझ्याकडे.

२८ मार्च
सुताराला फोन करायचा राहिला. बायको दुपारभर गॅलरीत बसून असते. खाली कुणी नाही. गल्ली एकदम शांत. मला अजिबात आवडलं नाही.

३१ मार्च
दुपारी टॉवेल कपाटातून काढला आणि स्वतः कठड्यावर टाकला. बायको बघत राहिली. मी हॉलचा पडदा ओढून आत बसलो. आले सगळे. ती चहा घेऊन गेली. किती दिवसांनी हसली! डेंटिस्ट टेलरला गल्लीचा उतार समजावत होते. साफ उलटा.
दोनदा उठलो. दोन्ही वेळा परत बसलो.