डबा हलवून ओळखायचं

१८ सप्टेंबर, बुधवार
गुलाबाई आली घरात, मातीची, कोजागिरीपर्यंतची पाहुणी. मनूनेच निवडली. नाक बसकं, रंगही जरा फासल्यासारखा, पण म्हणे, "आजी, ही हसतेय ना, हीच घे." नऊ वर्षांची नात, तिच्यापुढे माझं काय चालतं. पुस्तकांच्या कपाटातला एक खण रिकामा करून बसवली, शेजारी तिचा नवरा गुलोजी. प्रकाश कामावरून आल्यावर म्हणतो, "आई, मेहरूणच्या फ्लॅटमध्ये कोण येणार गाणी म्हणायला?" आल्या की. खालच्या-वरच्या मिळून खोलीभर पोरी. टिपऱ्या कमी पडल्या तर लाटणी घेतली.
शेवटी खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा मनूने कानाशी धरला, डोळे मिटले, मान तिरकी, हळूच हलवला. "ओलं नाही... टणक आहे... मध्येच एक जड पडतंय." मग म्हणाली, फुटाणे आणि गुळाचा खडा. बरोबर. कान मोठा तिखट पोरीचा. माझ्यावर गेलीय.

२२ सप्टेंबर, रविवार
रविवारची दुपार म्हणजे अर्धं स्वप्नच. जेवणं झाली की प्रकाश अन् सूनबाई स्मिता आपल्या खोलीत दार लावून मालिका बघतात. मोठ्यांची आहे म्हणून मनूला माझ्याजवळ निजवतात. मीच म्हटलं होतं, असलं पोरीसमोर नको.
डोळा लागला. माहेरची, पारोळ्याची बोरी नदी पलंगाखालून वाहत होती, थंडगार. मी अन् धाकटी बहीण शकू परकर खोचून उभ्या. पलीकडच्या काठावर कुणी बाई रडत होती, तिचं तोंड काही दिसेना. जागी झाले तर रडणं दारापलीकडून येत होतं. मनू उठून बसलेली. डोळे मिटलेले, मान तिरकी.

२५ सप्टें., बुध.
वेणी घालताना म्हणाली, "आजी, पप्पा मम्मीला मारतात?"
फणी केसांतच राहिली. कोण म्हणतं?
"कपबशी फुटली. मग फाट्‌कन आवाज आला. मग ती म्हणाली, मी जाते हे घर सोडून. मी ओळखलं सगळं."
तरीच रविवारपासून आईचा गाल निरखत होती. सांगितलं, अगं ती मालिका, खोटं असतं ते. "पण मम्मी बाहेर आली तेव्हा रडलेली होती." रडली असेल बघताना. मीही रडते की. मान हलवली तिने. पटलं की मला बरं वाटावं म्हणून, कळेना.

२६ सप्टें., गुरु.
स्मि.ला सांगितलं. मेथी निवडत होती. चेहरा उतरला. "आई, दार लावतो हो आम्ही."
म्हटलं, तेच तर. बघितलं असतं तर दुसऱ्याच बाईचं तोंड दिसलं असतं. दाराआडून तिला तुझं दिसलं.
काड्या मोडत राहिली. मग, "आणि तुमच्या गुलाबाईच्या गाण्यांत काय असतं? सासू छळते, नवरा काठी घेऊन मागे लागतो, पोटुशी बाई माहेरची वाट बघते. हे आपल्या पोरी लाटणी वाजवत म्हणतात. ते चालतं का?" रागाने नाही, खरंच विचारत होती.
मी तिच्या पुढ्यातली उरलेली जुडी ओढून घेतली. मेथी मात्र निवडून झाली.

२९ सप्टें., रवि.
मालिका आता कानात वायरी घालून. घर एकदम गप्प, पडदासुद्धा हलताना ऐकू यावा असं. मनू तरी जागीच. "आजी, आता काहीच ऐकू येत नाही." तेच तिला जास्त भीतीचं वाटतंय...

४ ऑक्टोबर, शुक्र.
धुळ्याहून शकूचा फोन. तिला सगळं सांगितलं. हसली. "अक्का, आपुन बी गाये ना तेच. काय बिघडनं आपलं?" मीही हेच म्हणणार होते. मग तीच पुढे म्हणाली, "जवय मार पडे, तवय मले वाटे, गानामा बी आसंच शे. मंग बोलानं काय?"
मार पडायचा तेव्हा वाटायचं, गाण्यातही असंच आहे, मग बोलायचं काय. एवढं म्हणून लगेच कापसावर गेली, किती बोंडं फुटली वगैरे.
फोन ठेवला. गाण्यांनी धीर दिला, असं आजवर सांगत आले. चुलीपुढे डोळे भरले की तीच गुणगुणायचो, तेवढाच माहेरचा वारा. पण त्यांनीच सवयही लावली की काय? दोन्ही खरं असेल तर पोरीला काय शिकवावं.

९ ऑक्टो., बुध.
सकाळी मनूला घेऊन मेहरूण तलावावर. पाण्यावर दूध सांडल्यासारखा उजेड. तिने हात धरला आणि विचारलं, "आजोबा तुला मारायचे?"
मी म्हटलं, तो बघ बगळा.
बगळा उडून गेला. ती माझ्याकडेच बघत होती.
घरी येऊन रोजच्यासारखं यांच्या फोटोला "गुड मॉर्निंग, आजोबा" म्हणाली. यांनीच तिला खांद्यावर घेऊन याच तलावाची फेरी मारलेली, ती इतकीशी असताना.
मारलंय यांनी मला. तरुणपणी हात उचलायचे, पुढे सुटलं ते. माझे गुडघे धरले तेव्हा तेल कोमट करून आणायचे तेही हेच. दोघं एका चौकटीत कसे मावतात ते मलाच अजून... नऊ वर्षांच्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगू. अन् नाही सांगितलं तर ती ओळखत बसणार, हलवून हलवून.

१६ ऑक्टो., कोजागिरी
संध्याकाळी पोरी गाऊन, दूध पिऊन गेल्या. आज गुलाबाईचा शेवटचा दिवस, विसर्जन उद्या. आवरत होते तर मनू डबा घेऊन आली. "आजी, हा मी भरलाय. तू ओळख."
कानाशी धरून हलवला. आवाजच नाही. "रिकामा आहे गं."
"नाहीये. तू आधी आजोबांचं सांग, मग उघडते."
स्मि. दारात उभी होती. पोरीला आत चल म्हणेल वाटलं. पदराला हात पुसत आली आणि आमच्याशेजारी जमिनीवरच बसली. फोटोकडे मी पाहिलं नाही. मनूला म्हटलं, बस अशी जवळ. सुरुवात बोरी नदीपासून केली, परकर भिजायचे तिथून. मग लग्न. मग पुढचं.

१७ ऑक्टो., गुरुवार, सकाळ
सगळं सांगितलं, तेलाचंही. मनू रडली नाही. एवढंच विचारलं, "तू काय म्हणालीस त्यांना?" मी काहीच म्हणाले नव्हते, तेही सांगितलं. मग माझ्या अंगावर पाय टाकून झोपली, गाढ.
आत्ता उठली. दात घासून फोटोसमोर जरा उभी राहिली. गुड मॉर्निंग म्हणाली नाही. पण फोटोची काच फ्रॉकने पुसली आणि शाळेत गेली.
चांगलं केलं की पोरीचं काही कोवळं मोडलं...
डबा उघडायचा राहिलाच. कपाटात आहे, गुलाबाईपाशी. मघाशी एकदा कानाशी धरून हलवून पाहिला.