दरवाज्याखालची भोकं

बाबा, परवा दुकानात एक गाडी आली होती. गाड्या रोजच येतात, त्यात सांगण्यासारखं काही नसतं, पण हिच्याबद्दल बोलल्याशिवाय माझ्या जिवाला चैन नाही. आणि ती सांगायची तर आधी ती दुसरी गाडी सांगावी लागते, पांढरी, जिच्याबद्दल तुम्ही आणि मी एका घरात राहूनही कधी धड बोललो नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता बोलायला हरकत नसावी.

मला तुम्ही दुकानात आणलं ते माझ्या हातांसाठी. उमरेडचा हातमाग विकून तुम्ही नागपूरला आलात, सक्करदऱ्याला गाड्यांच्या काचांचं आणि रबराचं काम धरलं, आणि पन्नाशीत तुमच्या बोटांचे सांधे सुजले. दरवाज्याचं आतलं पॅड काढलं की मागच्या पत्र्यात जी जागा उघडी असते, तिच्यातून तुमचा पंजा आत जाईना. माझा जायचा. "हात बारीक आहे तिचा, कामाचा आहे," असं तुम्ही आईला म्हणालात आणि आई भडकली, "पोरीचे हात कापून आणसान, मंग हिले कोण करन?" कापलेच. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, आणि हातमोजा घालायला तुमची बंदी, कारण मोज्यातून नट कळत नाही. अजून माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढऱ्या रेघा आहेत. बाकी शिकवणं म्हणाल तर शून्य. तुमची ती गप्प राहायची खोड! "पाहून शीक वं, विचारून कोणी शिकत नसते." मागावर तुमच्या बापानं तुम्हाला असंच शिकवलं होतं म्हणे. तुम्ही काच वर चढवायचे, दोन बोल्ट ढिले करून तळहातानं ती रबरात दाबून बसवायचे, बोल्ट आवळायचे. मग काच आणि रबराच्या मधे वर्तमानपत्राची पट्टी अडकवून ओढायचे. पट्टी अडत अडत निघाली तर काच बसली, सळकन निघाली तर तिथे फट आहे. हे मी पाहून शिकले. आणि सगळं झाल्यावर तुम्ही खाली वाकून बांबूच्या बारीक काडीनं दरवाज्याच्या बुडाशी काहीतरी टोकरत बसायचे. मला वाटायचं, माती काढतात. साफसफाईचं तुम्हाला वेड होतंच. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खेकसला असता.

त्या भादव्यात तुम्ही चुलतभावाच्या तेरवीला उमरेडला गेला होतात. दुकानात मी एकटी, बावीस वर्षांची, आणि स्वतःला मोठी मिस्त्री समजणारी. पांढरी गाडी आली. मालक स्वतःच चालवायचा, मौद्याच्या रस्त्यावर भाड्याच्या फेऱ्या मारायचा. हसतमुख माणूस होता. "ताई, काच बराबर बसत नाही, पाऊस आला का पाय ओले होते." त्याच्या बाजूच्या दरवाज्याचं रबर वाळून तडकलेलं होतं. मी नवीन टाकलं, काच सरळ केली, पट्टी ओढून पाहिली, सगळं तुमच्यासारखं. मग पाइप लावून पाणी मारलं. आत कोरडं ठाक. पण दरवाज्याच्या बुडातून पाण्याची धार लागलेली. तो म्हणाला, "हे पाहा ना, खालून तं गळूनच राहिलं!" मी वाकून बघितलं तर खाली तीन भोकं. मला वाटलं, जुन्या कुठल्या मिस्त्रीनं उद्योग करून ठेवलाय. फटी बुजवायचं काळं सिलंट घेतलं आणि तिन्ही भोकं गच्च भरली. थोड्या वेळानं परत पाणी मारलं. एक थेंब नाही! काय आनंद झाला होता मला. तो म्हणाला, "बाबाच्या वरताण निघाली तू तं," आणि मी दिवसभर त्या शब्दांवर तरंगत होते.

तुम्ही आल्यावर मी "एक गाडी केली" एवढंच सांगितलं. भोकं बुजवली हे सांगण्यासारखं आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी तो माणूस जाता जाता दुकानासमोर थांबला, गाडीतूनच म्हणाला, "काका, काच हळू चढून राहिली आता, सवडीनं दाखवतो." तुम्ही म्हणालात, "आणा, पाहू." तो आलाच नाही. त्याच आठवड्यात तो पाऊस झाला. रेल्वेच्या पुलाखालच्या रस्त्यात त्याची गाडी बंद पडली, पाणी हँडलच्या वर गेलं, दरवाजे उघडेनात. चारी काचांची बटणं त्याच्याच दरवाज्यात होती, आणि एकही काच खाली झाली नाही. लोकांनी पोहत जाऊन काच फोडली तोवर उशीर झाला होता. ही बातमी तुम्ही वर्तमानपत्रात वाचलीत, मला वाचून दाखवलीत, आणि आपण दोघंही "च् च्, चांगला माणूस होता बिचारा" असं म्हणालो. मी तेव्हाही काही समजले नव्हते, बाबा. एवढं तरी माझं खरं माना.

गाडीवर शेवटचं काम आपल्या दुकानात झालं होतं, म्हणून ठाण्यातून तुम्हाला गाडी तपासायला बोलावणं आलं. तुम्ही एकटेच गेलात. परत आलात ते सरळ मोरीवर, आणि किती वेळ हात धूत बसलात. मी चुलीपाशी पोळ्या करत होते. तुमच्या नखांत काळं सिलंट होतं, ते मी पाहिलं. तेवढ्यात त्या माणसाचा भाऊ दारात आला, ठाण्यातून तुमच्या मागोमागच आला असणार. चपलाही काढल्या नाहीत त्यानं. म्हणाला, "मिस्त्री, गाडीचे तीन दरवाजे रिकामे, आणि याच एका दरवाज्यात चार दिवस झाले तरी पाणी भरून कसं काय?" तुम्ही ओले हात तसेच धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "खालचे भोकं बुजले होते. पाणी आतच साचून राहिलं, मोटर आन् बटणं त्याच्यात गेले. माह्याच हातानं झालं ते." तेव्हा मला कळलं. काडी काय करायची, भोकं कशासाठी असतात, मी काय केलं, सगळं एकदम कळलं. माझ्या हातात लाटणं होतं. तो भाऊ आल्या पावली निघून गेला. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. मला वाटलं, आता मारतील, आणि मारावं असं मला मनापासून वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "पोळी जळून राहिली वं."

एवढंच! जळून राहिली म्हणे. त्यावरून मला आजही तुमचा राग येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला एका दरवाज्यापुढे बसवलंत आणि जन्मात पहिल्यांदा तोंडानं शिकवलंत. काच वरखाली होते म्हणजे बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी आत जाणारच. कोणी कितीही शहाणा मिस्त्री असला तरी जाणार. म्हणून खाली त्याला वाट ठेवलेली असते, आणि ती मोकळी आहे का हे शेवटी पाहायचं असतं. काडी माझ्या हातात दिलीत. तुमचा आवाज शांत होता. हे तुम्ही आधी काहून नाही सांगितलं, बाबा? काहून? दोन वाक्यांचं काम होतं. एक माणूस गेला हो तुमच्या त्या गप्प राहण्यापायी! असं मी मनातल्या मनात तुम्हाला किती वेळा ओरडले आहे. पण लगेच दुसरं मन म्हणतं, भोकं कोणाच्या हातानं बुजवली, बाई? ठाण्यातले साहेब म्हणाले होते की एवढ्या पाण्यात चांगली मोटरसुद्धा बंद पडते, आणि अपघात म्हणून कागद मिटवला. मी त्या वाक्याला धरून बसते. कधी ते पुरतं, बहुतेकदा पुरत नाही.

पुढचं सगळं तुमच्यावर आलं. तो भाऊ दर शनिवारी यायचा आणि रस्त्याच्या पलीकडे नुसता उभा राहायचा. शिवी नाही, दगड नाही, उभा. तुम्ही त्याला हात जोडायचे आणि परत कामाला लागायचे, आणि मी आतल्या बाजूला रबराच्या गुंडाळ्यांमागे जाऊन बसायचे. आजूबाजूचे मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचे, "त्या म्हाताऱ्याकडे नका जाऊ, माणूस मारला त्यानं." खापा गावचं माझं स्थळ त्याच वेळी ठरत होतं. मी स्वतःला सांगायचे, लग्न होऊ दे, मग बोलते. लग्न झालं. मग म्हटलं, बाळंतपण होऊ दे. तुम्हाला झटका आला आणि तुमची वाचा गेली, तेव्हा मी पायथ्याशी बसून तुमचे पाय दाबत होते, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तेव्हाही मी म्हणाले काय, तर "बाबा, पाणी देऊ का?" तुम्ही मान हलवलीत. माझ्यासारखी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता परवाची गाडी. पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला. म्हणाला, "मावशी, गाडी ऐंशीच्या वर गेली का काचेच्या मागच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजते, पाऊसही आत येते." पट्टी ओढली, मागच्या कोपऱ्यात सळकन निघाली. कोणीतरी रबर आखूड कापून बसवलं होतं, ओढून ताणून, त्यामुळे कोपरा उचलला गेला होता. मी पॅड काढलं, नवीन रबर कोपऱ्यापासून बसवत आणलं, काच बसवली, बोल्ट आवळले, आणि खाली वाकून काडी फिरवली. तो तुमच्या फोटोकडे बघत होता. हार आदल्याच दिवशी बदलला होता मी. "हे तुमचे बाबा?" म्हणाला. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "माह्या बाबाची गाडी याच दुकानात केली होती. पांढरी. पुलाखाली बुडले ते, मी चार वर्षाचा होतो." बाप्पा! माझ्या हातातली काडी तशीच राहिली. तो भांडायला आला नव्हता. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "आई अजूनही या रस्त्यानं येत नाही. पण काका मरायच्या आधी म्हणत होते, मी एवढे शनिवार त्या माणसाले पाहिलं, तो मिस्त्री असा चुकणारा नव्हता, काहीतरी वेगळं आहे. म्हणून विचारतो मावशी. खरंच त्यायनंच केलं होतं का?"

बावीस वर्षं मी म्हणत आले की कोणी विचारलंच नाही. पोरानं समोर बसून विचारलं, सरळ, आदबीनं. मी उठून उभी राहिले, हात पुसले, आणि म्हणाले, "हाव. त्यायनंच." इथे थांबले असते तरी एकवेळ. पण मी पुढे म्हणाले, "नजर कमी झाली होती त्यायची." हे कोणी मागितलं नव्हतं, बाबा. तुमची नजर शेवटपर्यंत धड होती, सुईत दोरा तुम्ही ओवून द्यायचे आईला. तो ऐकून हलका झाल्यासारखा दिसला. "म्हातारपणी होते असं," म्हणाला, "आईले सांगतो." आणि जाताना त्यानं तुमच्या फोटोपुढे हात जोडले. तुम्हाला माफ करून गेला तो, माझ्यासमोर.

काम नीट झालं का ते कळवायला सांगितलं होतं, म्हणून त्याचा नंबर आणि पत्ता वहीत आहे. काल त्याचा निरोपही आला की शिट्टी बंद झाली, आभारी आहे. आणि आता खरं सांगते. हा कागद मी त्याला लिहायलाच घेतला होता. वर त्याचं नाव लिहायचं होतं, ते लिहवेना, म्हणून 'बाबा' लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.