अडतीस निरोगी माणसं

प्रिय आरोही,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा तू शनिवारच्या कार्यक्रमाचं सांगत सुटलीस, मग मी मुलांच्या शाळेचं काहीतरी बोलून फोन ठेवला. आज सुट्टी आहे. सकाळपासून दोनदा सिडकोभर चालून आलो, तिसरा चहा झाला. तुझी वहिनी म्हणाली, एका जागी बसा, नाहीतर दळण तरी टाकून या. म्हणून बसलोय.

शनिवारी मी पुण्याला यायचं, तुझ्या इन्स्टिट्यूटच्या मंचावर उभं राहायचं आणि कामगारांची काळजी कशी घ्यावी यावर पाच मिनिटं बोलायचं, असं तू ठरवून टाकलंस. तुझ्या अभ्यासातल्या सहा कारखान्यांत अंबडचं आमचं पत्रा दाबायचं प्रेस शॉप पहिलं आलं. अडतीसच्या अडतीस माणसं निरोगी, आणि कारण काय, तर सुपरवायझर, म्हणजे मी, रोज विचारपूस करतो. तुझ्या वहिनीने त्यासाठी शर्टही आणलाय. कपाट उघडलं आणि तो दिसला की मला घाम फुटतो.

तुझी दहावीची परीक्षा आठवते? देवळाली कॅम्पातल्या शाळेत नंबर आला होता. मी तुला सायकलवर सोडायचो आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहायचो. तू आत मजेत लिहायचीस, नखं मी कुरतडायचो. मी आयटीआय करून मशीनला लागलो, तू शिकत गेलीस, पण माझी ती खोड गेली नाही. आजही तुझं काही असलं की मला तो पेपरच वाटतो.

तेच नडलं. फॉर्म भरून घ्यायच्या दिवशी तुला दुसऱ्या कारखान्यात जायची घाई होती. जाताना तू बजावलंस, दादा, फॉर्म फक्त वाटून दे आणि बाहेर जा, कोणी जवळ उभं राहायचं नाही. मी वाटले आणि एक वाचून पाहिला. झोप लागते का, पाठ दुखते का, छातीत जड वाटतं का, घरी गेल्यावर चिडचिड होते का. मला वाटलं, इथे वाईट उत्तरं आली तर तुझा अभ्यासच वाईट ठरणार. मी कँटीनमध्ये सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, ही माझ्या बहिणीची परीक्षा आहे, पोरीला पास करायचंय. आरोही, ती माणसं माझ्या शब्दाबाहेर नाहीत. सगळ्यांनी ओळीने ‘कधीच नाही’वर खुणा केल्या. मीही केल्या. मला तर दोन वर्षं धड झोप नाही.

हसू नकोस. किंवा हस, पण पुढचं वाच.

खंडेराव तुला आठवत असेल, विंचूरकडचा, तुला आग्रह करून आपल्या डब्यातली भाकरी खायला लावणारा. त्याने छातीच्या प्रश्नापुढे ‘बऱ्याचदा’वर खूण केली होती. मी तो फॉर्म घेतला, फाडला आणि नवा दिला. माझ्या तोंडाकडे बघत त्याने ‘कधीच नाही’वर खूण केली. ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. विचारपूस मी करतो, रोज करतो, ते खोटं नाही. पण विचारून मग उत्तर बदलायला लावणारा माणूस तुमच्या अभ्यासात कुठल्या रकान्यात बसवतात?

तुझा अहवाल कंपनीत आला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तो नोटीस बोर्डावर लावला, मला पेढा दिला. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी येणारा डॉक्टर बंद झाला. माणसं ठणठणीत आहेत असं कागदच सांगतोय, मग डॉक्टर कशाला? मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर तुझा पेपर रद्द झाला असता. चार गुरुवार गेले आणि पाचव्या गुरुवारी, चहाच्या सुट्टीच्या जरा आधी, खंडेराव मशीनजवळ खाली बसला तो उठलाच नाही. झटका होता. वाचला, पण डॉक्टर म्हणाले, प्रेसवर परत उभं राहायचं नाही. एक महिना आधी कोणी छातीला नळी लावली असती तर कळलं असतं.

मी मॅनेजरसाहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते म्हणाले, तुमच्या तोंडी सांगण्यावर डॉक्टर परत येत नसतो, अहवाल चुकीचा आहे असं इन्स्टिट्यूटकडून लिहून आणा. म्हणून हे पत्र. आमच्या शॉपचे आकडे काढून टाक आणि तुझ्या सरांना सांग, माझ्या भावाने घाण केली. तुझं वर्ष जाईल, कदाचित जास्तच, आणि तू माझ्याशी बोलणार नाहीस, तेही मला कळतं. शनिवारी मी येत नाही. पण तू ये, कोरे फॉर्म घेऊन ये, त्या दिवशी मी कारखान्यात पाऊल ठेवणार नाही. काल खंडेरावला भेटायला गेलो होतो. माफी मागणार होतो, तर मला पुरतं बसूही न देता तो म्हणाला, “साहेब, माझं ऱ्हाऊ द्या. ताई पास झाल्या ना?” मी मान डोलावली आणि बाहेर आलो. तुझ्यासाठी त्याने छातीतली कळ लपवली, आरोही. ती आता त्याच्या नावावर परत लिहून घे.

तुझाच,
रवीदादा