सव्वीस ओढण्या

गुढियारी, रायपूर
ता. ११ जुलै २००४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि. तुझं कार्ड मिळालं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. तरी पण पायऱ्या चढू नको.

इकडची मोठी बातमी अशी की तुझा भाऊ बासष्टाव्या वर्षी शौकीन झाला. यशदीपनं पुण्याहून व्हिडिओचा कॅमेरा पाठवला. मुठीत मावते, बाजूनं छोटा पडदा उघडते. त्यानं लिहिलं, बाबा, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, दिवसभर रेल्वेच्या गोष्टी किती जणांना सांगसाल, काही नवीन शिका. म्हणून शिकून राहिलो. आमच्या गल्लीत भैय्यालाल म्हणून लग्नाच्या शूटिंगवाला आहे, तो संध्याकाळी दाखवते. पहिल्या कॅसेटमध्ये नळावरची गर्दी, विहारातली वंदना आणि अर्धा तास माझेच बूट आले. बटण बंद करायचं विसरलो होतो.

मोनालीचं नर्सिंगचं तिसरं वर्ष लागलं. तिची आई गेल्यापासून घर तीच चालवते आणि मलेही. मी कॅमेरा तिच्याकडे नेला की पाठ फिरवते. म्हणते, "बाबा, पहले सीखो, फिर मुझे लेना." मराठी सगळी समजते, जवाब हिंदीतच. तुझं पत्र मात्र स्वतः वाचते.

छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हापासून रोज कुठं ना कुठं रस्ता खोदून ठेवतात. तू दिवाळीत येशील तर स्टेशनवर घ्यायला येतो, एकटी रिक्षा करू नको.

माया आहे तशी राहू दे.
तुझा मारोती

•

भंडारा
ता. २ ऑगस्ट २००४

चि. मारोतीस,
अ. उ. आ. तुझ्या बुटांचं चित्रण झालं हे वाचून शेजारच्या बायांना बोलावून सांगितलं. आम्ही पोटभर हसलो.

आता माझं ऐक. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, म्हणून सांगण्याचा हक्क आहे. गर्दी काढशील तर ती सगळी सारखीच दिसेल. माणसं एकेक करून काढ. पहिल्या दिवशी मी प्रत्येक लेकराला उभं करून नाव आणि गाव विचारत असे. नाव सांगताना लेकराचा चेहरा जसा उघडतो, तसा नंतर वर्षभर उघडत नाही. ते टिपून पहा.

मोनाली चौथीत सुट्टीला आली होती तेव्हाची आठवण आहे ना? अंगणातल्या पोट्ट्यांची रांग लावून एकेकाला बोरं वाटली आणि स्वतःला उरली नाहीत तर घरात येऊन गुपचूप पाणी प्यायली. अशा मुलीची मला कौतुकाइतकीच धास्ती वाटते. तिला म्हणावं, शिक्षण आधी.

तब्येत सांभाळ. पत्राला उशीर करू नको.
तुझी ताई, भीमाबाई

•

रायपूर
ता. १९ सप्टेंबर २००४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि. उशीर झाला, पण लिहायला गोष्टही तशीच आहे.

मोनालीच्या कॉलेजला मान्यताच नाही. परीक्षेचा फॉर्म येईना म्हणून ही पोट्टी नर्सिंग कौन्सिलच्या दफ्तरात गेली. तिथल्या बाबूनं यादी दाखवली, त्यात यांच्या कॉलेजचं नावच नाही. संचालक म्हणते कागद वर गेले आहेत. दोन वर्षांपासून वरच जाऊन राहिले. साठ मुली आहेत, बहुतेक खेड्यापाड्यातल्या, कुरूद, कांकेर, पार जशपूरच्या.

तर मंगळवारपासून सव्वीस जणी गेटसमोर बसल्या. मले वाटलं आपली पोट्टी भाषण ठोकेल. तिनं भाषण केलंच नाही. पाणी कोण आणेल, जेवायला कोण कधी उठेल, कोणालाही शिवी द्यायची नाही, सगळं ठरवून दिलं. पेपरवाला आला तेव्हा लाजरी अशी फुलेश्वरी म्हणून मुलगी आहे, तिलाच पुढे केलं. मागे उभी राहून तिचा हात धरून ठेवला. ती मुलगी ओढणीच्या आडून बोलली, पण असं बोलली की पेपरवाल्यानं लिहिणं थांबवून ऐकलं. ताई, ते पाहून मले रेल्वेतले आपले युनियनचे लोक आठवले आणि वाटलं, यांच्याकडून ते शिकले असते.

मी कॅमेरा घेऊन गेलो. उन्हामुळं सगळ्यांनी ओढण्यांनी तोंडं बांधलेली, फक्त डोळे दिसत होते. मोनाली कौन्सिलमध्ये गेली होती. तू लिहिलं होतं तसंच केलं. एकेकीसमोर बसलो, म्हटलं, बेटा, जरा चेहरा दिखाओ, नाम बताओ, गाँव बताओ. आधी लाजल्या, मग हसू लागल्या, मग सगळ्यांनी सांगितलं. फुलेश्वरीनं तर आपल्या गावच्या तळ्याचंही नाव सांगितलं. माझा हात एकदाही हलला नाही. भैय्यालाल म्हणाला, बाबूजी, आप तो सीख गए.

कॉलेजचे क्लार्क दिवाकरराव, आपल्याच भागातले, गोंदियाकडचे, परवा घरी आले होते. चहा घेतला, कॅसेट पाहिली, डोळ्यात पाणी आणलं. म्हणाले, एक कॉपी द्या, सरांना दाखवतो, पाहतील तर त्यांचंही मन पालटेल. भैय्यालालकडून कॉपी करून मी स्वतः नेऊन दिली.

तुझ्या सल्ल्यानं हे झालं म्हणून पहिलं तुलेच लिहिलं. आनंदात रहा.
तुझा मारोती

•

रायपूर
ता. १० ऑक्टोबर २००४

ती. ताईस,
जयभीम. कसं लिहू ते समजून नाही राहिलं.

ओढण्या उन्हासाठी नव्हत्या. मोनालीनं सांगितलं होतं सगळ्यांना, तोंड बांधून बसा, म्हणजे साठांपैकी कोण बसल्या ते कॉलेजला कळणार नाही, घरी काही जाणार नाही. तोंड उघडं फक्त तिचं एकटीचं होतं. मले हे कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

गेल्या आठवड्यात सव्वीस घरांना रजिस्टर पत्रं गेली. सोबत कॅसेटमधून काढलेला मुलीचा फोटो. लिहिलं होतं, तुमची मुलगी रस्त्यावर बसते, पोलिसात नाव जाईल, बदनामी झाली तर कॉलेज जबाबदार नाही. माझ्याच घरी आलेल्या लिफाफ्यात मोनालीचा फोटो आहे. चांगला आला आहे, ताई. कौन्सिलमधून ती परतली तोवर बाकीच्यांनी तोंडं पुन्हा बांधली होती; कॅमेऱ्यासमोर ती पहिल्यांदा उभी राहिली, माझ्या आग्रहानं, सगळ्यात शेवटी.

बुधवारपासून बाप यायला लागले. कोणी बसनं, कोणी भावाला घेऊन मोटरसायकलवर. कोणी ओरडलं नाही. मुलीची पेटी उचलायची आणि चालायचं. फुलेश्वरीच्या बापानं मोनालीला हात जोडले आणि म्हटलं, "बेटी, अब छोड़ दे ओला," तिला आता सोड म्हणून. सव्वीसांतून बावीस गेल्या. मी गेटच्या पलीकडे पानठेल्यापाशी उभा होतो. जवळ जायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं, कितनों ने चेहरा खोला था. मी म्हटलं सगळ्यांनी. ती म्हणाली, "सबने?" मी म्हटलं हव. मग तिनं कणीक भिजवली. रागावली असती तर मले बरं झालं असतं.

दिवाकररावांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं दार उघडलं आणि म्हणाली, बाबा बाहेर गेले. आतमध्ये ते खोकलत होते.

काय करावं ते लिही.
मारोती

•

भंडारा
ता. १८ ऑक्टोबर २००४

चि. मारोतीस,
अ. उ. आ. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

नाव-गाव विचार असं मी लिहिलं होतं. त्याचा दोष एकट्याच्या माथी घेऊ नको. पण माझ्या नावामागे लपूही नको. सव्वीस मुलींनी तुझ्यावर विश्वास ठेवला, कारण तू मोनालीचा बाप होतास.

तू बापांना भेट. मुलींनी बोलून उपयोग नाही, बाप बापाचं ऐकेल. घरोघरी जा, चूक माझी आहे म्हणून सांग. मोनालीला सोबत ने, ती नाही म्हणाली तर एकटा जा. तिला आता समजावत बसू नको. तिच्या ताटात वाढ आणि गप्प बस.

मी येऊ शकले असते तर आज निघाले असते. गुडघा पुन्हा सुजला आहे, पलंगावरून लिहिते आहे. इतक्या मुली माझ्या हाताखालून गेल्या आणि घरच्या मुलीसाठी मला एक जिना उतरता येत नाही.

काय झालं ते लगेच कळव. मी वाट पाहते.
ताई

•

रायपूर
ता. ५ डिसेंबर २००४

आ. आत्यास,
जयभीम. आत्या, मला मराठी लिहायची आदत नाही, शाळा सगळी हिंदीत झाली. चुका झाल्या तर लाल पेन नका काढू. बाबा लिहून नाही राहिले म्हणून मी लिहिते.

आम्ही अकरा घरी गेलो. बाबा प्रत्येक दारात एकच सांगायचे, गलती मेरी है, बच्चियों की नहीं. लोक चहा द्यायचे. कोणी वाईट बोललं नाही. पण एकही मुलगी परत आली नाही.

फुलेश्वरीच्या घरी तिच्या बाबूजींनी खाट टाकून दिली. तिचं लग्न माघात ठरलं. ती पाणी घेऊन आली. मी म्हटलं, तू बोलली होती तेव्हा पेपरवाल्यानं पेन खाली ठेवला होता, याद आहे? तिनं गिलास उचलला आणि हळू म्हणाली, "दीदी, आप जाओ, बस निकल जाही." नंतर सात किलोमीटर आम्ही पायी आलो. बस खरंच निघून गेली होती. बाबांना दम लागत होता. मी त्यांची झोळी घेतली आणि पुढे चालत राहिली. आत्या, मला त्यांचा राग नाही. पण त्यांना हे सांगायला गेली की भाजी कोणती करू एवढंच विचारून येते.

आता दुसरी गोष्ट. आम्ही चौघीजणी उरल्या होत्या. कौन्सिलमध्ये आमची शिकायत लागली होती, सगळ्या सव्वीसच्या नावानं. ती चालली असती तर घरी गेलेल्यांनाही दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली असती. संचालकानं आम्हाला बोलावलं. म्हणाला, बिलासपूरच्या मान्यतावाल्या कॉलेजात चार सीटा करून देतो, दोन वर्षं वाया जाणार नाहीत. लिहून द्या की शिकायत काही नाही. चौघींनी सही करा, नाहीतर एकीलाही नाही.

मी नाही म्हटलं. बाहेर आलो तर जशपूरची कमला भिंतीला टेकून बसली. तिला आईबाप नाहीत, मामीनं सांगून ठेवलं आहे, नर्स झाली तर ये, नाहीतर येऊ नको. बाकीच्या दोघी तिच्या बाजूला उभ्या राहिल्या, आत्या. तिघीही फक्त पाहत होत्या, मी काय सांगते म्हणून. गेटसमोर सगळ्या पाहायच्या तसंच. तेव्हा मला आवडायचं.

तीन दिवस विचार केला. बाबांना विचारलं, ते म्हणाले, मले विचारू नको बेटा, माझा भरोसा नाही राहिला. मग मी सही केली. सगळ्यात शेवटी. त्या कागदावर खाली बावीस जणींसाठी जागाच नव्हती.

बातमी गावोगाव गेली. कांकेरच्या एकीचं कार्ड आलं, फक्त एक ओळ, "दीदी, आपको सीट मुबारक." मी ते किताबात ठेवलं आहे.

तुम्ही मला लहानपणी म्हणायच्या ना, ही पुढे जाईल. मला कळवा की पुढे गेल्यावर काय करायचं असतं.

गुडघ्याला शेक द्या. मला विसरू नका.
तुमची मोनाली

•

रायपूर
ता. १६ जानेवारी २००५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि. तुझी तीन पत्रं आली, एकाचाही जवाब दिला नाही, माफ कर.

सोमवारी मोनालीला बिलासपूरला सोडून आलो. कमला आणि त्या दोघीही सोबत होत्या. गाडीत चौघीही खिडकीबाहेर पाहत होत्या. होस्टेलची खोली चांगली आहे, पाणी आहे, दाराला आतून कडी आहे. गादी मी उन्हात टाकून दिली. ती म्हणाली, रहने दो बाबा, मैं कर लूँगी. आजकाल माझ्याशी एवढंच बोलते, पण बोलते.

फीची पावती तिला द्यायची होती म्हणून मी वर्गाच्या बाहेर थांबलो. दार उघडं होतं. आतमध्ये मॅडम वर्गप्रमुख निवडत होत्या. कोणाची इच्छा आहे म्हणून विचारलं, तर कोणाचा हात वर झाला नाही. मग मागच्या एका मुलीनं म्हटलं, मॅडम, ये रायपुर वाली को बना दो, इसने वहाँ बहुत कुछ किया है, पेपर में आया था. सगळ्या वर्गानं मान वळवली. मॅडमनी विचारलं, तुम्हारा नाम?

ताई, तिनं नाव सांगितलं नाही. वहीत पाहत राहिली. मॅडमनी पुन्हा विचारलं, तर बाजूच्या कमलानं सांगितलं, मोनाली गजभिये. मॅडम म्हणाल्या, बनोगी? तिनं मान हलवली, नाही म्हणून. वर नाही पाहिलं. दुसऱ्याच कोणाचं नाव फळ्यावर लिहिलं आणि तास सुरू झाला. मी तिथंच उभा होतो, हातात पावती. आत जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण बाप वर्गात कसा जाईल? चपराशी म्हणाला, बाबूजी, अब निकलिए.

परतीच्या गाडीत मी बसूनच आलो, पण कोणी विचारलं असतं कोणतं स्टेशन गेलं, तर सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं त्या लाइनवर काढली.

यशदीपचा फोन आला होता. म्हणाला, बाबा, होऊन जाईल ठीक, वेळ लागते. सगळे असंच म्हणतात. मीही अकरा बापांच्या दारात, चूक कबूल करून झाल्यावर, जवळपास असंच म्हटलं होतं.

तू एकतीस वर्षं शिकवलंस. सगळ्यांच्या आधी हात वर करणारं लेकरू एक दिवस हात खालीच ठेवून बसलं, तर तू त्याच्याजवळ जात होतीस, की त्याला तसंच राहू देत होतीस? मले खरंच माहीत नाही, म्हणून विचारून राहिलो. पुढच्या रविवारी तिला भेटायला जायचं आहे. त्याच्या आधी लिही.

जपून रहा, आणि या भावावर जमेल तेवढी माया ठेव.
तुझा मारोती