डॉक्टर मागितला, शिपाई आले

वेल्हे, भाद्रपद वद्य पंचमी, शके १८५६

आज पुन्हा पितळी घागर चोरीला गेली. चोर लगेच सापडला, वरच्या वाडीचा धोंडिबा. दरडावलं तर म्हणतो, "फौजदारसायेब, पोरगी तापानं फणफणलीया. दवाखान्याला कुलूप. नसरापूरचा दुकानदार तापावरचं कोयनेल फुकट देत न्हाई. घागर न्हाई इकायची तर म्या काय करायचं?" कायद्याप्रमाणे त्याला कोठडीत घातला.

फुकट दवाखाना चालू होता तोवर आमची कोठडी रिकामी असायची. आम्ही तिथं कांदे पसरायचो. डॉक्टरची बदली झाली, कुलूप लागलं आणि घागरी जायला लागल्या. वर कितीदा कळवलं, डॉक्टर पाठवा. त्यांचं एकच, गुन्हे वाढलेत, बंदोबस्त वाढवा.

संध्याकाळी तो बंदोबस्त आला. दोन नवे शिपाई. एकाला येतायेताच तापाची हुडहुडी भरलेली. दुसरी कोरडी जागा नाही, म्हणून उरलेले कांदे सारून त्यालाही कोठडीतच निजवला. धोंडिबानं आपली घोंगडी त्याच्यावर घातली आणि मला हळूच विचारलं, "सायेब, ह्यानं कुणाची घागर नेली?"